शंभर कोटी तासांचे गणित

बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र आहे. फोर्जिंग, मशीनिंग आणि पृष्ठभागावरील प्रक्रिया ही कामे तेथे एकाच आवारात होतात. तयार भाग एअरबस, बोईंगच्या विमानांत बसतात. अशा भागांचा भरवसा आधीच कसा सांगता येतो, हा प्रश्न उड्डाण-नियंत्रणाच्या बाबतीत सर्वांत कठीण ठरतो.

पंखांवरील आणि शेपटीवरील हलत्या पृष्ठभागांमुळे विमान वळते, चढते व उतरते. त्यांचे नियंत्रण सुटून विमान कोसळण्याजोगा बिघाड शंभर कोटी उड्डाण-तासांत एकापेक्षा अधिक वेळा संभवू नये, अशी प्रवासी विमानांसाठी अपेक्षा असते. एवढे तास भरण्यास एक विमान अखंड उडवले, तरी एक लाखाहून अधिक वर्षे लागतील. त्यामुळे हा आकडा केवळ चाचणीने सिद्ध होत नाही. तो गणिताने मांडावा लागतो.

एखादी यंत्रणा तासाभरात बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक असेल, तर दोन स्वतंत्र यंत्रणा त्याच तासात बंद पडण्याची शक्यता दहा कोटींत एक होते. तीन असल्यास लाख कोटींत एक. एअरबस ए-320 मध्ये तीन हायड्रॉलिक यंत्रणा असतात, त्या याच हिशेबाने.

मात्र या गुणाकाराचा सारा आधार ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत एका डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंखाचकती फुटली आणि तिच्या घावांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदमच निकामी झाल्या. कारण एकच असेल, तर तीनचा हिशेब एकावर येतो.

दुसरी अट देखभालीची. 31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-83 विमान प्रशांत महासागरात कोसळून 88 जण मृत्युमुखी पडले. शेपटीचा आडवा पृष्ठभाग हलवणाऱ्या स्क्रूला पुरेसे वंगण मिळाले नव्हते. त्यावरील नटाचे आटे झिजून निघून गेले. वंगण घालण्यामधील कालावधी वाढवला गेल्याने धोका वाढला, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

म्हणूनच भाकीत हे केवळ त्या भागाचे नसते. धातू ठरल्या प्रतीचा, माप ठरल्या मर्यादेत आणि तपासणी ठरल्या वेळी, या अटींचे ते असते. प्रत्येक भागाचा क्रमांक व धातूची नोंद जपली जाते, ती याचसाठी. एका भागात दोष आढळला, तर त्याच धातूचे इतर भाग कोणत्या विमानांत आहेत, हे त्या नोंदीवरूनच शोधता येते.