कोणता देश पास, कोणता नापास?



२०२० साली आपल्यापैकी बहुतेक जण शाळेत होतो. त्या दोन वर्षांत घरोघरी एक नवी सवय लागली होती, संध्याकाळी आकडे बघायची. आज किती सापडले, किती गेले, कोणता देश कितव्या नंबरवर. टीव्हीवर क्रिकेटच्या स्कोअरसारखा तक्ता सरकत असायचा. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण तो तक्ता आपल्या डोक्यातून गेलेला नाही. अजूनही विषय निघाला की ‘न्यूझीलंडने करून दाखवलं’, ‘अमेरिकेची वाट लागली’, ‘आपण त्या मानाने बरे होतो’ अशी वाक्यं सहज येतात.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. मराठी मंडळाच्या अंकात तू आकड्यांवर काय लिहिणार, असं मैत्रिणींनी विचारलंच! पण मला वाटतं, आकडा शब्दासारखाच असतो. शब्दाचा अर्थ वाक्यात कळतो, सुटा उचलला की फसवतो. आकड्याचंही तसंच आहे. म्हणून हा तक्ता नीट वाचायचा कसा, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते. गणिताची भीती बाळगू नका, भागाकारापलीकडे काही नाही.

भागिले किती?

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. अमेरिकेत कोविडचे अकरा लाखांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. पेरू या दक्षिण अमेरिकेतल्या देशात दोन लाख वीस हजारांच्या आसपास. तक्त्यात अमेरिका वर, पेरू बराच खाली. पण अमेरिकेची लोकसंख्या सुमारे तेहतीस कोटी आणि पेरूची साडेतीन कोटीही नाही. दर लाख माणसांमागे हिशोब केला तर अमेरिकेत साधारण साडेतीनशे, पेरूत साडेसहाशेच्या वर. म्हणजे पेरूवरचा घाव जवळजवळ दुप्पट खोल होता.

लसीच्या बाबतीतही हाच भागाकार बघावा लागतो. मार्च २०२१ च्या अखेरीस भूतानने भारताकडून मिळालेली कोविशील्ड द्यायला सुरुवात केली आणि दोन आठवड्यांच्या आसपास ९३ टक्के लोकांना पहिला डोस दिला. जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. डोंगरदऱ्यांत लस पोचवणं सोपं नव्हतं. पण हे ९३ टक्के ‘पात्र प्रौढांचे’ होते. लहान मुलांसकट सगळी लोकसंख्या धरली तर तोच आकडा ६२ टक्क्यांच्या जवळ येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पण एका देशाचा ‘पात्र’वाला टक्का घेऊन दुसऱ्याच्या ‘सगळ्यां’वाल्या टक्क्याशेजारी मांडला, की ती तुलना उरत नाही. ‘टक्के’ शब्द दिसला की ‘कोणाचे?’ हा प्रश्न आलाच पाहिजे.

मोजलं कसं?

आता जरा अवघड गोष्ट. कोविडने मृत्यू झाला, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं?

बेल्जियमने २०२० च्या वसंतात वृद्धाश्रमांतले, टेस्ट न झालेले पण कोविडचा संशय असलेले मृत्यूही मोजले. परिणामी दर लाखामागे बेल्जियम जगातल्या सगळ्यात वाईट देशांत दिसू लागला. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये व्याख्या बदलली. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांच्या आत मृत्यू झाला तरच तो मोजायचा, असं ठरलं. त्याबरोबर एकूण आकड्यातून पाच हजारांहून जास्त मृत्यू कमी झाले. कोणी परत आलं नाही, फक्त नियम बदलला.

पेरूची गोष्ट याच्या उलट. ३१ मे २०२१ रोजी तिथल्या सरकारने नोंदी पुन्हा तपासून मृत्यूंचा आकडा ६९,३४२ वरून १,८०,७६४ केला. एका दिवसात पेरू लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात वाईट ठरला. खरं तर त्या दिवशी पेरूने एक चांगली गोष्ट केली होती. आपल्या मेलेल्या माणसांची नोंद घेतली होती.

हे परक्या देशांचं झालं. आता घरचं बघू. गोव्यात कोविडचे सुमारे चार हजार मृत्यू नोंदले गेले, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. बिहारमध्ये नोंद साधारण बारा हजारांची, लोकसंख्या बारा कोटींच्या वर. भागाकार करा. गोव्यात लाखामागे अडीचशेहून जास्त, बिहारमध्ये दहाच्या आसपास. म्हणजे गोव्याचं बिहारच्या पंचवीसपट वाईट झालं का? गोव्यात म्हातारी माणसं जास्त, येणंजाणं जास्त, हे सगळं खरं. मे २०२१ मध्ये तर काही दिवस इथे टेस्ट केलेल्या दर दोन माणसांतलं जवळजवळ एक पॉझिटिव्ह निघत होतं. पण पंचवीसपट? त्यातला मोठा भाग नोंदीचा आहे. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू एक चतुर्थांशाहून कमी होते. गोव्यात मात्र हे प्रमाण शंभर टक्क्यांच्या घरात असतं. बिहारनेही जून २०२१ मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा आकडा एका दिवसात साडेपाच हजारांच्या खालून साडेनऊ हजारांजवळ गेला होता.

तरी आपलीही मोजणी पूर्ण होती असं नाही. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा त्याच मे महिन्यात घरीच गेले. चार दिवस ताप होता, श्वास लागत होता. टेस्ट करायला न्यायच्या आधीच सगळं संपलं. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे. ती खोटी नाही. पण कोविडच्या तक्त्यात ते आजोबा कुठेच नाहीत.

मग अशा माणसांना मोजायचं कसं? यावर अभ्यासकांनी काढलेला उपाय म्हणजे ‘जादा मृत्यू’. समजा, एका तालुक्यात दर वर्षी साधारण हजार माणसं जातात आणि महामारीच्या वर्षी तेराशे गेली. तर जादा मृत्यू तीनशे. कारण काय लिहिलंय ते बघायचंच नाही, फक्त नेहमीपेक्षा किती जास्त ते बघायचं. यात टेस्ट न झालेले येतात आणि हॉस्पिटलात खाट न मिळाल्यामुळे दुसऱ्याच आजाराने गेलेलेही येतात. हा आकडा शून्याच्या खालीही जाऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये २०२० साली तसंच झालं, कारण सीमा बंद आणि लोक घरात, त्यामुळे फ्लूसारखे नेहमीचे आजारही पसरले नाहीत.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा असा अंदाज जाहीर केला : जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू. देशांनी कोविडचे म्हणून नोंदलेले होते साधारण ५४ लाख. भारतासाठी त्यांचा अंदाज ४७ लाखांचा होता, तर आपली नोंद ४ लाख ८१ हजारांच्या आसपास. भारत सरकारने हा अंदाज नाकारला आणि गणिती मॉडेल वापरण्याच्या पद्धतीवर हरकत घेतली. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण जिथे नोंदी अपुऱ्या असतात तिथेच मॉडेलची गरज पडते, एवढं लक्षात ठेवूया.

वय काय?

मार्च २०२० मध्ये इटलीतली दृश्यं बघून सगळं जग हादरलं होतं. तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे इटलीत दर शंभर नोंदलेल्या रुग्णांमागे चारांहून जास्त दगावत होते, चीनमध्ये दोनांहून थोडे जास्त. साहजिकच सगळे म्हणाले, इटलीचं काहीतरी चुकतंय. पण अभ्यासकांनी तेच आकडे वयोगटांत विभागले तर काय दिसलं? प्रत्येक वयोगटात इटलीचं प्रमाण चीनपेक्षा कमी होतं! प्रत्येक गटात कमी आणि एकूण मात्र जास्त?

हे शक्य आहे. दोन काल्पनिक देश घ्या, दोन्हीकडे हजार रुग्ण. ‘क’ देशात ९०० तरुण, त्यांतले १८ गेले (२ टक्के) आणि १०० वृद्ध, त्यांतले २० गेले (२० टक्के). एकूण ३८. ‘ख’ देशात ४०० तरुण, त्यांतले ४ गेले (१ टक्का) आणि ६०० वृद्ध, त्यांतले ९० गेले (१५ टक्के). एकूण ९४. तरुण असोत की वृद्ध, ‘ख’ देशात जगण्याची शक्यता जास्त आहे. तरी तक्त्यात ‘ख’ नापास, कारण तिथल्या रुग्णांत म्हातारे जास्त आहेत. इटलीचं असंच झालं. आमच्या विषयात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, पण कोविडच्या तुलनेत वय विसरून चालत नाही.

कधी विचारलंत?

परीक्षेचा निकाल एकदाच लागतो, महामारीचा तसा लागत नाही. स्वीडनने इतरांसारखा कडक लॉकडाऊन लावला नाही. २०२० संपताना शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा तिथे कितीतरी पट जास्त मृत्यू झाले होते. खुद्द राजे कार्ल गुस्ताफ यांनी डिसेंबरमध्ये आपण अपयशी ठरलो असं बोलून दाखवलं. पण २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं एकत्र धरून जादा मृत्यू पाहिले तर स्वीडन युरोपात कमी नुकसान झालेल्या देशांत बसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वृद्धाश्रमांतली पहिल्या वर्षीची हानी पुढच्या बऱ्या आकड्यांनी पुसली जात नाही आणि त्या एका वर्षावरून पूर्ण निकालही देता येत नाही.

पोर्तुगालचं उदाहरण तर आपल्या गोव्यात अनेकांना जवळचं, कारण तिथे कोणाचा भाऊ, कोणाची आते असतेच. जानेवारी २०२१ च्या अखेरीस लोकसंख्येच्या मानाने पोर्तुगालची अवस्था जगात सगळ्यात वाईट होती, जर्मनीला लष्करी डॉक्टर पाठवावे लागले. फेब्रुवारीत लसीकरणाची सूत्रं पाणबुड्यांवर काम केलेले नौदल अधिकारी एन्रीक गोवेया ई मेलो यांच्याकडे गेली. ऑक्टोबरपर्यंत एकूण लोकसंख्येच्या सुमारे ८५ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालं आणि पोर्तुगाल जगात आघाडीवर पोचला. शिस्त होतीच, पण तिथे १९६५ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम चालू आहे आणि लोकांचा लसीवर विश्वास आहे. तो विश्वास आठ महिन्यांत तयार झालेला नव्हता.

लस कोणाला मिळाली?

इतकं सगळं वाचल्यावर वाटेल, मग तुलना करायचीच नाही का? करायची! नीट केली तर ती जीव वाचवते. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी तुलना हाँगकाँग आणि न्यूझीलंडची. एक शहर, दुसरा देश, पण दोघांनीही पहिली दोन वर्षं विषाणूला दाराबाहेर ठेवलं होतं. दोन्हीकडे ओमिक्रॉनची मोठी लाट २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येच आली. दोन्हीकडे लस उपलब्ध होती.

हाँगकाँगमध्ये मार्चमध्ये दिवसाला दोनशेहून जास्त माणसं जाऊ लागली, तेही पाऊण कोटीच्या आतल्या लोकसंख्येत. लोकसंख्येच्या मानाने तो त्या वेळचा जगातला सगळ्यात वाईट आकडा होता. न्यूझीलंडमध्ये मृत्यू त्या मानाने कितीतरी कमी राहिले. फरक कुठे होता? न्यूझीलंडमधल्या जवळजवळ सगळ्या वृद्धांनी लस घेतली होती. हाँगकाँगमध्ये तरुणांनी घेतली, पण २०२१ संपताना ऐंशीच्या पुढच्या चारांतल्या तिघांनी तरी दोन डोस घेतलेले नव्हते. ‘आजीला बीपी आहे, तिला कशाला टोचायचं, इथे रोग आहेच कुठे’ हा विचार आपल्यालाही ओळखीचा आहे ना? एकूण टक्का ठीक होता, पण ज्यांना लसीची सगळ्यात जास्त गरज होती तेच बाहेर राहिले.

हाच प्रश्न जगालाही लागू होतो. ब्रिटनने ८ डिसेंबर २०२० ला लसीकरण सुरू केलं, भारताने १६ जानेवारी २०२१ ला. पण २०२१ संपताना आफ्रिका खंडात दहांतल्या एकालाही दोन डोस मिळालेले नव्हते, तेव्हा श्रीमंत देशांत तिसरा डोस चालू होता. भारतात दुसरी लाट आल्यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून बाहेर जाणारी लस काही महिने थांबली. गरीब देशांना लस पुरवणारी ‘कोव्हॅक्स’ योजना तिच्यावरच मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. आपल्याकडची परिस्थिती बघता दुसरं काय करणार, हे समजतं. पण मग त्या देशांचा लसीकरणाचा टक्का कमी दिसतो, ते त्यांचं ‘अपयश’ कसं म्हणायचं?

तर मग

पुढच्या वेळी असा तक्ता मोबाइलवर आला, कोविडचा असो, डेंग्यूचा असो की आणखी कशाचा, तर पुढे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारा. भागिले किती? मोजलं कसं? वय काय? कोणत्या तारखेपर्यंतचं? आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज होती त्याला मिळालं का?

त्यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो देश आपली माणसं नीट मोजतो तो तक्त्यात वाईट दिसतो, जो मोजत नाही तो साळसूद दिसतो. आपण नुसता नंबर बघून हसलो किंवा टाळ्या वाजवल्या, तर प्रामाणिकपणे मोजणाऱ्यालाच नापास करतो. मग पुढच्या महामारीत कोण कशाला मोजेल? आणि मोजलंच नाही, तर खाटा किती लागतील, लस आधी कुठे न्यायची, हे कोणाला कसं कळणार? नोंद ठेवणं हे रुक्ष सरकारी काम वाटतं खरं, पण गेलेल्या माणसाची दखल घेण्याची आणि मागे राहिलेल्याला वाचवण्याची सुरुवात तिथूनच होते.