पदवी आणि पोटापाण्याची पाऊणशे वर्षे

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामाची राजवट जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि मराठवाड्यातल्या गरीब घरांना बी. ए. ही आपल्या आवाक्यातली गोष्ट वाटतच नव्हती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्येच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले होते. ‘कमवा आणि शिका’ हा तिथला पाया होता. मुलगा अंगमेहनत करून शिकायचा आणि त्याच्या फीपायी बापाला सावकाराच्या दारात जावे लागत नसे.

कर्मवीरांच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यामागून कितीतरी मुले मामलेदार कचेरीत, हायस्कुलात, बँकेत चिकटली. धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावाकडचे कर्ज फिटले. एका पदवीवर अख्खे घर वर आले.

हे घडले, कारण पदवीधराला सामावून घेणाऱ्या जागा त्याच काळात तयार होत होत्या. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तालुक्यातालुक्याला शाखा निघाल्या. आरक्षणामुळे या जागांची दारे दलित तरुणांनाही उघडली. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या ईबीसी सवलतीने फीचा भार हलका केला होताच. शिक्षणाचा मोठा खर्च शासन उचलत होते आणि शिकलेल्याला नोकरीही बहुतेकदा तेच देत होते.

१९८३ मध्ये हे गणित बदलले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शेजारच्या कर्नाटकात देणगी भरून शिकायला जाणारी मुले आता महाराष्ट्रातच इंजिनिअर होऊ लागली. जागा वाढल्या, निमशहरी मुलांना संधी मिळाली, हे खरेच. मात्र खर्च कुटुंबावर आला. कुणी शेत विकले, कुणी बँकेचे कर्ज काढले.

नव्वदीनंतर सॉफ्टवेअरने हा खर्च काही काळ भरून काढला. हिंजवडीत कंपन्या आल्या आणि शिक्षकाचा मुलगा पहिल्या काही वर्षांतच बापाच्या निवृत्तीच्या वेळच्या पगारापुढे गेला. मग महाविद्यालये इतकी झाली की अनेक ठिकाणी वर्ग ओस पडले. मोठ्या आयटी कंपन्या नव्या इंजिनिअरला २०१० च्या सुमारास वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. दहा-बारा वर्षांनंतरही तो आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच राहिला. फी आणि घरभाडे मात्र थांबले नाहीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांपैकी २९.१ टक्के बेरोजगार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हे प्रमाण ३.४ टक्के होते. निरक्षर माणसाला मिळेल ते काम धरावे लागते, रिकामे बसणे त्याला परवडत नाही, हा यातला महत्त्वाचा भाग. म्हणून पदवी निरुपयोगी ठरत नाही. नियमित नोकरी लागली की पदवीधराचा पगार आजही सरस असतो. प्रश्न ती लागण्याचा आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका अशाच भरत्यांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी भरलेल्या असतात. पदवी शिकवणाऱ्यांचीही तीच गत आहे: नेट-सेट, पीएच. डी. झालेले कित्येक प्राध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात आणि सुट्टी लागली की त्यांची मिळकत थांबते.

२०२४ मध्ये शासनाने दोन पावले टाकली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. फीच्या आकड्याकडे पाहून मुलीला घरी बसवणाऱ्या घरांसाठी हा निर्णय मोलाचा आहे. त्याच वर्षीच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. प्रशिक्षण संपल्यावर कायम कामाची मागणी घेऊन हे तरुण रस्त्यावर उतरले.

फीमाफी हवीच, पण ती निम्मी वाट आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सवलतीच्या जोडीला नोकऱ्या होत्या, म्हणून घरे उभी राहिली. आज हजारो मंजूर पदे रिकामी ठेवून भरतीची तारीख पुढे ढकलली जाते; ती पदे आधी भरली पाहिजेत. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या किती विद्यार्थ्यांना कोणते काम, किती पगारावर लागले, याची तपासलेली आकडेवारी दरवर्षी प्रवेशाआधी जाहीर केली पाहिजे. शेत गहाण टाकायचे की नाही, हे ठरवणाऱ्या बापाला आणि त्याच्या मुलीला निदान तेवढे कळण्याचा हक्क आहे.