स्वातच्या बुद्धाचा चेहरा

पाकिस्तानातले स्वात खोरे म्हणजे प्राचीन उड्डियान. ऋग्वेदातली सुवास्तू नदी ती हीच. इथे डोंगरउतारांवर जागोजाग स्तूप-विहारांचे अवशेष आहेत. १९५६ सालापासून इटालियन पुरातत्त्वज्ञ ते शोधत, जपत आले.

जहानाबादच्या कड्यावर सातव्या शतकाच्या सुमाराचा ध्यानस्थ बुद्ध कोरलेला आहे, चांगला दोन मजली घराएवढा उंच. २००७ साली अतिरेक्यांनी त्यात स्फोटके भरली. काही उडालीच नाहीत, पण चेहऱ्याचा वरचा भाग गेला.

आम्ही पडलो इंजिनियर. आमच्या मनात आले, जुने फोटो आहेत, मोजमाप करा आणि होता तस्सा चेहरा बसवून टाका! इटालियन मंडळींनी मोजमाप केले, जुने फोटोही अभ्यासले. २०१६ मध्ये काम पुरे झाले. पण चेहरा हुबेहूब पहिल्यासारखा त्यांनी मुद्दामच केला नाही. घाव झाला होता हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, ही त्यामागची भूमिका.

आधी आम्हाला हे काही पटेना. मग अजिंठा आठवला. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने तिथेही इटालियन तज्ज्ञच आणले होते. त्यांनी निखळणारी चित्रे सावरली खरी, पण वर दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे काळवंडले आणि मूळ रंग झाकले गेले. हेतू चांगलाच होता, बरं का!

म्हणून मंडळी, मुलांना अजिंठा दाखवाल तेव्हा नुसते 'किती सुंदर' म्हणून पुढे सरकू नका. मूळचे काय आणि नंतरचे काय, तेही दाखवा. वारसा सांभाळायचा म्हणजे त्याचे घावही लपवायचे नाहीत, हे आम्ही स्वातकडून शिकलो.