उद्याची शिरगणती

रायपूरच्या शंकर नगरात दहा वर्षांनी शाळेचे किती वर्ग लागतील व नळास किती पाणी पुरवावे लागेल, याचा विचार आजच करावा लागतो. कारण शाळा व जलवाहिन्या एका दिवसात उभ्या राहत नाहीत. याकरिता लोकसंख्याशास्त्रज्ञ जनगणनेतील माणसे वयोगटांनुसार मांडतात. त्यांत भावी जन्म मिळवितात, मृत्यू वजा करतात व स्थलांतराचा हिशेब धरतात. या तिहींचे दर मात्र गृहीत धरलेले असतात.

गृहीत चुकल्यास काय होते, हे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत दिसून आले. १९६१ साली भारताची लोकसंख्या ४०.८ कोटी होईल असे तीत मानले होते. प्रत्यक्षात ती ४३.९ कोटी भरली. हिवतापासारख्या रोगांना आळा बसून मृत्युमान अपेक्षेहून लवकर घटले होते. जीव वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु तीन कोटी मुखांचे अन्न योजनेच्या हिशेबात नव्हते.

रायपूर २००० साली छत्तीसगडची राजधानी झाले. राजधानीत माणसे कामधंद्यासाठी बाहेरूनही येतात. तेथे जुन्या वाढीवर बेतलेला अंदाज थिटा पडतो. शिवाय २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ च्या आकड्यांवरच अंदाज रचावे लागले. म्हणून प्रत्येक अंदाजासोबत त्याची गृहीते सांगावीत आणि नवी गणना हाती येताच ती पुन्हा पारखावीत.