डॉक्टर होण्याआधी (भाग ५) : मधली दोन वर्षं

आपल्याकडे कुणी ‘ड्रॉप घेतला’ म्हटलं, की पोरगं लातूरला नाहीतर कोट्याला पुन्हा नीटच्या क्लासला बसलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेत मेडिकलचा प्रवेश चार वर्षांच्या पदवीनंतर मिळतो आणि निम्म्याहून जास्त मुलं मध्ये निदान एक वर्ष थांबतात. कुणी प्रयोगशाळेत राबतं, कुणी डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णांच्या नोंदी टाइप करतं. थोडी मुलं सार्वजनिक आरोग्याच्या फेलोशिपकडे वळतात.

त्यातली माहितीची योजना म्हणजे सीडीसी या केंद्रीय संस्थेने २००७ साली सुरू केलेली पब्लिक हेल्थ असोसिएट प्रोग्रॅम. दोन वर्षं, पगारी. नेमणूक एखाद्या राज्याच्या, शहराच्या किंवा आदिवासी वस्तीच्या आरोग्य खात्यात, आणि पाठवतील तिथे जायचं.

काम काय? क्षयरोगाचं उदाहरण घ्या. रुग्णाच्या दारी जायचं, गोळ्या हातावर ठेवायच्या, त्याने आपल्यासमोर गिळल्या की नोंद करायची. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते; हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि गोळ्या सोडतो. खोकला थांबला, भूक लागायला लागली, की ‘आता कशाला?’ सुरू होतं. कोर्स मात्र महिनोन्‌महिने चालायचा असतो. रुग्ण रात्रपाळीला असेल तर त्याच्या सवडीने जायचं. शिवाय घरात आणखी कोण राहतं, कुणाची तपासणी राहिली, हे चौकशीचा वास न येऊ देता काढून घ्यायचं. माझ्या मते खरं शिक्षण इथेच आहे. दवाखान्यात रुग्ण आपल्याकडे येतो. इथे तो दार उघडेल की नाही, यापासून तयारी.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी गावात राहायला नेतात, काही कुटुंबं वाटून देतात. फरक इतकाच, की तिथे प्रवेश आधी झालेला असतो.

अर्जाला शोभा म्हणून फेलोशिप घेणारेही असतात. दोन वर्षं रेटणं त्यांना जड जातं, असं मला वाटतं.

आता वेळापत्रक, कारण घोळ तिथेच होतो. मेडिकलचा अर्ज प्रवेशाच्या साधारण सव्वा वर्ष आधी, मे-जूनमध्ये भरावा लागतो. म्हणजे फेलोशिपचं पहिलं वर्ष संपत नाही तोच निबंध लिहायला बसायचं आणि मुलाखतींसाठी रजा जपून ठेवायची. एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतच धरतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षात घाईने परीक्षा उरकली असेल, तर ती पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते. या योजना सरकारी पैशांवर चालतात, तेव्हा त्या वर्षी भरती आहे का आणि नागरिकत्वाची अट काय, हे घर बदलण्याआधी तपासावं.

पुढच्या आठवड्यात : प्रयोगशाळेतलं वर्ष.