बाकी पुन्हा तीच आली

आवर्ती दशांश अपूर्णांकाचं व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर करणं मुलांना जड जातं, असं गणिताचे शिक्षक सांगतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. रीत चार ओळींची आहे आणि मालवण, कणकवली, कुडाळकडची मुलं ती झटक्यात शिकतात. मेहनतीत ही मुलं कमी नाहीत. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो, २०२४ साली तो निकाल ९९.०१ टक्के लागला होता. जड जातात ते रीतीच्या आधीच मनात घर करून बसलेले समज. दशांशरूप सातवी-आठवीत भेटतं, समीकरण मांडून रूपांतर करायची वेळ नववीच्या ‘वास्तव संख्या’ या प्रकरणात येते. मधल्या काळात हे समज कोणी तपासत नाही.

‘०.३३ म्हणजेच एक तृतीयांश.’

हा सर्वांत साधा आणि सर्वांत महाग पडणारा समज. ०.३३ म्हणजे शंभरातले तेहतीस. तिघांनी मिळून होडीला तीन लाखांचं इंजिन घेतलं आणि प्रत्येकाचा हिस्सा ०.३३ धरला, तर प्रत्येकी ९९,००० रुपये होतात आणि ३,००० रुपये कोणाच्याच नावावर पडत नाहीत. ०.३३३३ धरलं तरी तीस रुपये उरतात. तीन वाढवत गेलं की उरलेली रक्कम लहान होते, पण तुम्ही जिथे थांबाल तिथे काहीतरी उरतंच. ‘०.३३’ आणि ‘०.३३३…’ यांत फरक त्या तीन टिंबांचा आहे, आणि वहीत मुलं नेमकी तीच गाळतात. आकड्याच्या डोक्यावरचा बिंदू किंवा रेघ विसरणं हीसुद्धा तीच चूक. उत्तर बरोबर काढून खूण विसरलेल्या मुलाचा अर्धा गुण कापून पुढे जाऊ नये, तिथे थांबून त्याला हे तीन हजार रुपये दाखवावेत.

‘एक तृतीयांश ही संख्याच अर्धवट आहे, म्हणून ती संपत नाही.’

दोष संख्येचा नाही, आपण दहाच्या पटीत मोजतो त्याचा आहे. याचा पुरावा आपल्या आजोबा-पणजोबांच्या खिशात होता. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. काही उरत नाही, टिंबं द्यावी लागत नाहीत. त्या तारखेला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि तोच हिस्सा ३३.३३३… पैसे झाला. एक तृतीयांश होता तसाच राहिला, बदललं ते माप. तासाचा तिसरा हिस्सा आजही बरोबर वीस मिनिटं असतो. नऊ जणांत वाटायचं झालं तर मात्र तो जुना रुपयाही अडत असे, कारण १९२ला नवाने भाग जात नाही.

तिसरा हिस्सा कोकणाला नवा नव्हता. खोती होती तोवर खोताला भाताच्या पिकातला वाटा द्यावा लागे, तो निम्मा असला तर अर्धेल आणि तिसरा असला तर तिर्धेल. १९४९च्या कायद्याने खोती गेली. पण भाताच्या राशीचे तीन सारखे ढीग घालताना कोणाला दशांशाची अडचण आली नसेल. अपूर्णांक आधी, दशांश नंतर, हा क्रम वर्गातही असाच ठेवला पाहिजे.

इथे आपल्या जुन्या पाढ्यांचाही विचार करायला हवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या सगळ्यांत छेद दोन किंवा चार. पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, सगळे दशांशात संपणारे. त्यामुळे अपूर्णांकाचा दशांश केला की तो संपतोच, अशी कानाची सवय घरातूनच झालेली असते. खरं तर अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तरच दशांश संपतो, नाहीतर तो आवर्ती होतो. छेद केवढा मोठा आहे याला काही महत्त्व नाही. १/१०२४ संपतो, १/३ संपत नाही. आणि ६/१५ आधी २/५ करून पाहिला नाही, तर छेदातला तीन बघून मुलं हमखास फसतात.

‘आकडे पुन्हा पुन्हा येतात, कॅल्क्युलेटरवर दिसतंच की.’

माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. कॅल्क्युलेटरवर काहीही सिद्ध होत नाही. २ ला ३ ने भागल्यावर काही यंत्रं शेवटी ७ दाखवतात, तेव्हा मुलाला वाटतं की हा दशांश सातावर संपला. १ ला १७ ने भागलं तर दुकानातल्या बारा आकड्यांच्या यंत्रावर एकही आवर्तन पुरं होत नाही, कारण ते सोळा आकड्यांचं आहे: ०५८८२३५२९४११७६४७. मूल सांगतं, ‘हा आवर्ती नाही.’ यंत्रापुरतं ते बरोबरच बोलत असतं.

पुरावा भागाकाराच्या खालच्या अंगाला, बाक्यांमध्ये असतो. १ ला ७ ने भागा. दहातून एक वेळा सात, बाकी ३. तीस झाले, भाग ४, बाकी २. वीस झाले, भाग २, बाकी ६. मग भाग ८, बाकी ४. भाग ५, बाकी ५. भाग ७, बाकी १. आणि आपण एकापासूनच सुरुवात केली होती. सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. सहाच घरं आहेत, सातव्या पावलाला जुन्या घरात पाय पडणारच. एकदा बाकी पुन्हा तीच आली की पुढचा सगळा भागाकार मागच्यासारखाच होणार, त्याला दुसरा रस्ताच नाही. म्हणजे आवर्तन हे निरीक्षण नाही, ती सिद्धता आहे, आणि तीसुद्धा सातवीतल्या मुलाला समजेल अशी. ‘सर, ह्या सपतला खंय?’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर हेच: संपणार नाही, कारण बाकी शून्य कधीच येत नाही, आणि उरलेल्या बाक्या मोजक्या आहेत.

किनाऱ्यावरच्या मुलांना हे दाखवायला रापणीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढलेल्या जाळ्यातल्या मासळीचा, हिशेब चांगला. समजा लिलावाचे दहा हजार आले आणि वाटे सात. प्रत्येकाला १,४२८ रुपये, उरले चार. हे ‘१४२८’ म्हणजे वरच्याच भागाकाराचे पहिले चार आकडे, आणि हातात उरलेले चार रुपये म्हणजे चौथ्या पायरीवरची बाकी. मोडून पैसे वाटले तर प्रत्येकी सत्तावन्न पैसे आणि उरतो एक पैसा. मुलं हा पैसा कोणाला द्यायचा यावर वाद घालू लागली तर घालू द्यावा. बाकी म्हणजे काय, हे त्या वादातच कळतं.

‘जेवढे आकडे, तेवढे नऊ खाली लिहायचे.’

०.७७७… = ७/९, ०.५२९५२९… = ५२९/९९९. इथवर हे चालतं, म्हणूनच ते घातक आहे. ०.१६६६… आलं की मूल १६/९९ लिहितं किंवा १६/९. पहिला म्हणजे ०.१६१६…, दुसरा तर एकाहूनही मोठा. उत्तर उलट भागून पाहायची सवय असती तर दोन्ही चुका तिथल्या तिथे पकडल्या गेल्या असत्या.

नऊच का, हे न सांगता नऊ लिहायला लावणं मला पटत नाही. इथेही बाकीच कामाला येते. १ ला ९ ने भागताना दहातून नऊ गेले, बाकी पुन्हा १. म्हणून १/९ = ०.१११…. १ ला ९९ ने भागताना शंभरातून नव्व्याण्णव गेले, बाकी पुन्हा १. म्हणून १/९९ = ०.०१०१०१…. ९९९ चंही तेच. आता ०.७७७… म्हणजे ०.१११…ची सातपट, ७/९. इथे बीजगणित अजून लागलेलंही नाही. ०.१६६६…ची दहापट १.६६६…, म्हणजे १ आणि ६/९, म्हणजे ५/३. ती दहाने भागली की १/६. मागे राहिलेला, आवर्तनात नसलेला आकडा आधी दशांशचिन्हाच्या डावीकडे ढकलायचा आणि मग उरलेलं सोडवायचं. हे ज्यांच्या हातात बसलं त्यांना ‘क्ष घ्या, १०क्ष घ्या, वजा करा’ ही रीत पुढे नवी वाटत नाही. क्ष ही त्याच कामाची थोडक्यात लिहिलेली नोंद आहे.

‘०.९९९… एकापेक्षा किंचित लहान.’

हा समज मुलांपुरता नाही. डेव्हिड टॉल आणि रॉल्फ श्वार्झेनबर्गर यांनी १९७८ साली लिहिलेल्या लेखात नोंद आहे की इंग्लंडमधल्या विद्यापीठात गणित घेऊन आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तो एकापेक्षा लहानच वाटत होता. तेव्हा आठवीतलं मूल अडलं तर त्याला ढ म्हणायचं कारण नाही.

क्ष = ०.९९९…, १०क्ष = ९.९९९…, वजाबाकी केली की ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. हे फळ्यावर लिहून मोकळं होणारे शिक्षक मुलांच्या शंकेला हात लावत नाहीत. हुशार मूल विचारतं, ‘दहाने गुणल्यावर शेवटी एक नऊ कमी झाला ना?’ शंका रास्त आहे. संपणाऱ्या दशांशात तसंच होतं: ०.९९९ला दहाने गुणलं तर ९.९९, एक नऊ कमी. पण इथे शेवट नाहीच, मग शेवटचा नऊ कुठून कमी होणार? हे एका दमात पटत नाही आणि पटायची घाईही नको. त्यापेक्षा मुलालाच काम द्यावं: दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांच्यामध्ये तिसरी असलीच पाहिजे, तर ०.९९९… आणि १ यांच्यामधली एक संख्या शोधून आण. ०.९९९५ सांगितली तर ती ०.९९९९९पेक्षा लहान निघते. जी सांगाल ती मागे पडते. किंवा विचारावं, १/३ = ०.३३३… मान्य आहे ना? मग दोन्ही बाजूंना तीनने गुण. पहिली ओळ हसत मान्य करणारी मुलं दुसऱ्या ओळीला थबकतात. त्या थबकण्याला वर्गाचा अख्खा तास दिला तरी तो वाया जात नाही.

‘न संपणारा दशांश म्हणजे अपरिमेय संख्या.’

न संपणारा आणि आवर्तन नसलेला, असं पुरं म्हणायला हवं. घोटाळा होतो तो पायच्या जागी वापरल्या जाणाऱ्या २२/७ मुळे. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त वर्तुळासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत: ढोबळ कामासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५०. पहिलं ३.१४२८५७१४२८५७…, आवर्ती. दुसरं ३.१४१६, संपणारं. दोन्ही परिमेय आहेत आणि दोन्ही पायच्या जवळच्या किमती आहेत. स्वतः पाय अपरिमेय आहे, आणि ते सिद्ध करायला योहान लाम्बेर्टपर्यंत, म्हणजे १७६०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

‘१/१९ झटक्यात काढायची युक्ती वेदांतली आहे.’

युक्ती खरी आणि देखणी आहे. शेवटच्या १ पासून उजवीकडून डावीकडे दुप्पट करत, हातचा धरत गेलं की १/१९चं अठरा आकड्यांचं आवर्तन हाताला लागतं. पण ज्या ‘वैदिक गणित’ ग्रंथातून ती क्लासांमध्ये पोचली तो भारती कृष्ण तीर्थ यांच्या निधनानंतर १९६५ साली छापला गेला, आणि त्यातली सूत्रं वेदांच्या उपलब्ध पाठांत सापडत नाहीत. तिचं कारण मुलांना पुन्हा बाक्यांतच दाखवता येतं: दहाची दुप्पट वीस, १९ने भागता बाकी १, म्हणून बाक्या उलट्या दिशेने दुप्पट होत जातात.

‘हे गुणांपुरतं आहे, यात पुढे काही नाही.’

देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना यात पुष्कळ काही दिसलं. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगाला माहीत आहे, पण १९५० साली त्यांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर इंग्रजीत एक पुस्तकही काढलं होतं, ३ पासून १६१ पर्यंतच्या छेदांचं. वर आलेलं १४२८५७ त्यांच्या नावाच्या संख्यांतही बसतं: त्याचा वर्ग २०४०८१२२४४९, तो तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज केली की पुन्हा १४२८५७.

आणि ज्या वर्गाला सातचा भागाकार जमला, त्याला पुढचं काम शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांचं देता येतं. कोणत्या छेदाला सगळ्याच्या सगळ्या बाक्या भेटतात, म्हणजे आवर्तनात छेदापेक्षा एकच आकडा कमी असतो? ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. १३ला तसं होत नाही, त्याचं आवर्तन सहाच आकड्यांचं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? १९२७ साली एमिल आर्टिन यांनी ‘आहेत’ असा अंदाज मांडला, त्या एकूण मूळ संख्यांच्या साधारण किती हिस्सा असतील तेही सांगितलं. त्याची बिनशर्त सिद्धता अजून कोणाला देता आलेली नाही.