दंड नेमका बसतो कुणाला? क्रिकेटच्या ५ धावांपासून सोलापूरच्या ऊसबिलापर्यंत

ऊस तुटून कारखान्यावर गेला की १४ दिवसांत त्याचं बिल शेतकऱ्याला मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर थकलेल्या रकमेवर कारखान्याने वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं. ही काही मेहेरबानी नाही, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच तसं लिहिलंय.

सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. बिलं थकल्याच्या बातम्या इथे दरवर्षीच्याच. पण थकलेल्या बिलाबरोबर व्याजही खात्यावर आलं, असं सांगणारा शेतकरी शोधावा लागतो.

म्हणजे दंड कागदावर आहे, पण बसत नाही. असं का होतं?

त्यासाठी आधी एक वेगळा दंड बघू. १२ जून २०२४, न्यूयॉर्क. टी-२० वर्ल्ड कपमध्ये भारताविरुद्ध अमेरिका. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरने कोहली आणि रोहित दोघांनाही आऊट केलं होतं. भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या आणि पीच अवघड होतं. तेवढ्यात अंपायरने भारताला फुकटात ५ धावा देऊन टाकल्या.

कारण काय, तर एक ओव्हर संपल्यावर ६० सेकंदांत पुढची सुरू करायची असा नियम आहे. दोनदा ताकीद मिळते, तिसऱ्यांदा ५ धावांचा दंड. अमेरिकेचा उशीर तिसऱ्यांदा झाला होता. ३५ च्या ३० झाल्या आणि भारताने मॅच आरामात काढली.

पूर्वी ओव्हर वेळेत टाकल्या नाहीत की खेळाडूंच्या मॅच फीमधून पैसे कापायचे. पैसे जायचे, पण मॅचच्या निकालावर काही फरक पडायचा नाही, त्यामुळे संघ रमतगमतच खेळायचे. म्हणून आयसीसीने दंड मैदानातच आणला. फुटबॉलची पेनल्टी किकही याच विचारातून १८९१ मध्ये आली. गोलसमोर मुद्दाम पाडलं तर ज्याचं नुकसान झालं त्यालाच ११ मीटरवरून गोल मारायची संधी, तीही लगेच.

खेळातल्या दंडात तीन गोष्टी असतात. तो लगेच बसतो, चूक करणाऱ्यालाच बसतो आणि नुकसान झालेल्याला काहीतरी परत देतो. आता हेच ऊसबिलाला लावून बघा.

समजा, एका शेतकऱ्याचं १ लाखाचं बिल मुदतीनंतर आणखी ६० दिवस थकलं. १५ टक्क्यांनी व्याज होतं साधारण २,४६५ रुपये. एकट्या शेतकऱ्याने यासाठी किती हेलपाटे मारायचे? पैसे थकवले तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढू शकतात, मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी तशी कारखान्याकडून वसुली करतात. पण त्यात महिने जातात. शिवाय पुढच्या हंगामात ऊस त्याच कारखान्याला घालायचा असतो, म्हणून वाकड्यात शिरायला कुणी तयार नसतं.

दुसरीकडे, त्याच शेतकऱ्याने सोसायटीकडून पीककर्ज घेतलेलं असतं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. कर्जाची वसुली बहुतेक वेळा ऊसबिलातूनच होते, त्यामुळे बिल उशिरा आलं की कर्जही उशिरा फिटतं. इथे मात्र कुणी अर्ज करावा लागत नाही. बँकेचं व्याज आपोआप चढतं.

उशीर कारखान्याचा आणि दंड शेतकऱ्याला! मराठीत याला नेमका शब्द आहे, भुर्दंड.

मग दंड आणखी कडक केला तर? कडक शिक्षा सोलापूरने बघितली आहे. १२ मे १९३० ला इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला. गांधी टोपी घातली, तिरंगा लावला तरी शिक्षा. पुढे पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. जरब बसवायची होती, पण लोकांच्या लेखी ते गुन्हेगार ठरलेच नाहीत. आज शहरात त्यांच्या नावाने चौक आहे.

उलट टोकही इथेच सापडतं. घरपट्टी थकली की महापालिका शास्ती लावते, आणि ती माफ करायला अधूनमधून अभय योजना आणते. थकबाकी वसूल होते हे खरं. पण वेळेवर भरणाऱ्याला आपणच वेडे ठरलो असं वाटतं, आणि थकवणारा पुढच्या योजनेची वाट बघत बसतो.

ऊसबिलाचं व्याज मागायचं असेल तर दोन कागद जपून ठेवावे लागतात. एक, ऊस कोणत्या तारखेला पोचला ते सांगणारी कारखान्याची वजन पावती. दुसरा, पैसे कधी जमा झाले ते दाखवणारं बँक पासबुक. या दोन तारखांमधल्या दिवसांतून १४ वजा केले की उरलेल्या दिवसांचं व्याज कारखान्याकडे निघतं. मागणीचा अर्ज साखर आयुक्तालयाच्या सोलापूरमधल्या प्रादेशिक सहसंचालक कार्यालयात करता येतो. गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून केला तर एकट्यावर कारखान्याचा रोष येण्याची भीती कमी होते.